मारव्यातला पंचम

मासेमारी बंद आहे, होड्या किनाऱ्यावर शाकारून ठेवल्यात, म्हणून मिरकरवाड्यातली एरवी न दिसणारी बरीच माणसं आज समोर दिसताहेत. बरं वाटलं.

मागच्या खेपेला इथल्याच एका अकरावीतल्या मुलानं मला लॅपटॉपवर 'सोनिक पाय' दाखवलं. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. हे फुकट मिळणारं, मुक्त स्रोत सॉफ्टवेअर आहे. केंब्रिजमध्ये सॅम आरन यांनी ते मुलांना शिकवण्यासाठी सुरू केलं. आपण ओळी लिहायच्या, संगणकानं सूर काढायचे. आत सूर काढण्याचं काम 'सुपरकोलायडर' करतं. ते जेम्स मॅकार्टनी यांनी १९९६ साली आणलं आणि २००२ साली मुक्त केलं.

मुलगा म्हणाला, "सर, यात मारवा आहे." वाजवला. ऐकतो तर त्यात पंचम! मी म्हटलं, "अरे, मारव्यात पंचम वर्ज्य. तुझा संगणक चुकला." मुलगा हिरमुसला. घरी गेल्यावर लक्षात आलं की चुकलो होतो मी. मारवा रागात पंचम नाही, पण मारवा थाटात आहे. सॉफ्टवेअरमध्ये जे सात सूर भरलेत ते थाटाचे, आणि ते बरोबर आहेत.

मग मी ती यादीच काढून बसलो. तोडी, पूर्वी, मारवा, भैरव आणि अहिर भैरव. पहिली चार नावं पंडित भातखंड्यांच्या दहा थाटांतली. पाचवा राग आहे, थाट नव्हे. यादीत हा फरक कुठे सांगितलेला नाही. नुसतं नाव आहे. म्हणजे वस्तू आहे, नाव आहे, पण माहिती नाही. माझी टीका एवढ्यावरच आहे, आणि ती आकड्यांवर नाही.

नाव सांगितलं म्हणजे ओळख झाली असं आपण धरून चालतो. तत्त्वज्ञानाच्या वर्गात मी गिल्बर्ट राईल शिकवायचो. एखादी गोष्ट 'अशी आहे' हे माहीत असणं वेगळं आणि ती 'कशी करायची' हे येणं वेगळं, हा भेद त्यांनी १९४९ साली नीट मांडला. मारवा, पुरिया आणि सोहनी घ्या. तिघांचे सूर तेच सहा. पण मारवा रिषभ-धैवतावर उभा राहतो, पुरिया गंधार-निषादावर आणि खालच्या सप्तकात रमतो, सोहनी वर तार सप्तकाकडे धावते. सुरांची यादी तिन्हींना एकच दिसणार. फरक वापरात आहे, आणि वापर कुणीतरी लिहावा लागतो.

आता दुसरी बाजू ऐका. याच सॉफ्टवेअरमध्ये आपल्या उपयोगाच्या गोष्टी आहेत, पण त्यांच्याकडे आपलं लक्ष जात नाही. सा ६० धरला तर कोमल रिषभ ६१ येतो, पेटीचा. पण तिथे ६१.१२ लिहिलं तरी चालतं, ६०.९ लिहिलं तरी चालतं. पहिला साधारण १६/१५ या गुणोत्तराचा रिषभ, दुसरा साधारण २५६/२४३ चा. बावीस श्रुतींवर आपण शंभर वर्षं वाद घातला, तो इथे दोन मिनिटांत कानांनी तपासता येतो. सुपरकोलायडरमध्ये तर बावीस श्रुतींची जुळणी तयारच ठेवलेली आहे. शिवाय एक सूर न तोडता दुसऱ्यावर सरकवायची सोय आहे, तिला 'नोट स्लाइड' म्हणतात. ती कशी वापरायची हे मार्गदर्शिकेत आहे. पण शिकणाऱ्या मराठी मुलाला 'बाळा, हीच ती मींड' असं कोण सांगणार? सोय काय करते हे लिहिलंय, ती कशासाठी घ्यायची हे राहिलंय.

कुणी म्हणेल, राग लिहून येतो का? तो गुरुमुखातूनच यायचा. अर्धं खरं आहे. इथला तांडेल पाण्याखालचा खडक नकाशा न बघता चुकवतो. नकाशा वाचून कुणी तांडेल होत नाही, हेही खरं. पण म्हणून नकाशावर खडक दाखवायचाच नाही? नव्या माणसाची होडी तिथेच आपटते. माझ्या त्या मुलाची आपटली, आणि वर मी त्यालाच बोललो.

भातखंडे वकील होते. घराण्यांत दडलेल्या चिजा त्यांनी गोळा केल्या, सहा भागांच्या 'क्रमिक पुस्तक मालिके'त छापल्या, आणि 'हिंदुस्थानी संगीत पद्धती' हा मोठा ग्रंथ मराठीत लिहिला. त्यांची लक्षणगीतं आठवा. रागाचे वादी, संवादी, वर्ज्य स्वर त्याच रागात बांधलेल्या गाण्यात सांगितलेले. वस्तू आणि तिची माहिती एकाच जागी. माहिती लिहिण्याचा याहून चांगला नमुना मला तरी दिसलेला नाही, आणि तो आपल्या घरातला आहे.

म्हणून केंब्रिजवाल्यांना दोष देऊन मी मोकळा होत नाही. त्यांनी दार उघडं ठेवलंय, सुधारणा कुणीही पाठवू शकतो. मारव्यात पंचम का, हे सांगायची जबाबदारी ज्याला ठाऊक आहे त्याची. सत्तरी ओलांडलेल्या माझ्यासारख्यांची तर जास्तच. आपण मैफलीत बसून 'हे चुकलं' म्हणतो आणि घरी जातो.

परवा त्या मुलाकडे गेलो, चूक कबूल केली. दोघांनी मिळून तीन वाक्यं लिहिली: 'मारवा इथे थाट म्हणून दिला आहे. मारवा राग वाजवायचा असेल तर पंचम वगळा. रिषभ आणि धैवतावर थांबा.' मी चौथं वाक्य घातलं होतं, थाट या संकल्पनेच्या इतिहासावर. मुलानं ते खोडलं. "सर, वाजवणाऱ्याला हे कशाला?" म्हणाला. बरोबर होतं त्याचं.

इंग्रजी करून तो ते पाठवणार आहे. तोडी, पूर्वी, भैरव आणि अहिर भैरव अजून बाकी आहेत. समोर पेटीवाले बसलेत, भजनी मंडळातले बसलेत. व्याख्यान संपलं की त्याला भेटा.