श्रोडिंगरचा उलटा प्रश्न

शाळेच्या पुस्तकातली सजीवांची लक्षणे आपल्याला पाठ असतात: पेशीमय रचना, वाढ, पोषण, श्वसन, उत्सर्जन, हालचाल, चेतनाक्षमता, प्रजनन. पेपरात लिहायला यादी उत्तम, पण खोदून विचारले की डळमळू लागते. खेचराला सहसा पिल्ले होत नाहीत, म्हणून त्याला कोणी निर्जीव म्हणत नाही. उलट ज्योत इंधन खाते, हवा घेते, काजळी टाकते, एकीवरून दुसरी पेटतेसुद्धा. अर्विन श्रोडिंगरच्या ‘व्हॉट इज लाइफ?’ या छोटेखानी पुस्तकाची पहिली गंमत हीच, की नाव एवढे भारदस्त असूनही तो या यादीच्या वाटेला जात नाही.

फेब्रुवारी १९४३ मध्ये डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात त्याने व्याख्याने दिली, १९४४ साली त्यांचे पुस्तक झाले. नाझींमुळे ऑस्ट्रिया सोडलेला हा नोबेल मिळवलेला भौतिकशास्त्रज्ञ; जीवशास्त्र आपला प्रांत नव्हे हे तो आधीच सांगून टाकतो. मग विचारतो, अणू इतके लहान का? आणि लगेच हा प्रश्न उलटा करतो: अणूंच्या मानाने आपण इतके मोठे का? अणूंची सततची धडपड थोड्या अणूंत बेशिस्त दिसते, प्रचंड जमावात तिचा नियम होतो. अणू शंभर असतील तर दहाची चूक धरायची, म्हणजे १० टक्के. दहा लाख असतील तर चूक हजाराची, म्हणजे जेमतेम ०.१ टक्का. भरवशाचे शरीर हवे तर ते मोठेच असायला हवे. इथवर वाचक मान डोलावतो आणि नेमका तिथेच लेखक त्याला अडवतो. जनुक तर अगदी थोड्या अणूंचे, मग ते टिकते कसे?

जनुक टिकते हे पटवायला त्याने काढलेला दाखला मला पुस्तकातला सर्वात देखणा वाटतो. हाब्सबुर्ग घराण्याचा पुढे आलेला ओठ सोळाव्या शतकातल्या चित्रात दिसतो आणि एकोणिसाव्या शतकातल्या वंशजातही. मधली सगळी शतके ते जनुक ९८ अंश फॅरनहाइटच्या उबेत, अणूंच्या धक्काबुक्कीत राहिले, तरी ढळले नाही. राजघराण्याच्या तसबिरी आणि थर्मामीटर एका परिच्छेदात आणायला वैज्ञानिकाच्या अंगी कथाकार असावा लागतो. उत्तर म्हणून तो ‘अनावर्ती स्फटिक’ पुढे करतो: स्फटिकासारखा घट्ट, पण नक्षी कुठेही तीच ती नसलेला रेणू, आणि त्या नक्षीत जिवाची संहिता. तो रेणू प्रथिनाचा असावा, हा त्याचा तर्क चुकला; तो डीएनए निघाला. तरी डीएनएची रचना उलगडणाऱ्या जोडीतल्या फ्रान्सिस क्रिकने ऑगस्ट १९५३ मध्ये त्यावरचे लेख त्याला पाठवले, तेव्हा आपल्यावर आणि आपला जोडीदार वॉटसनवर या पुस्तकाचा प्रभाव पडल्याचे कळवले.

पोषणाकडे वळल्यावर लेखणीला मिश्कील धार येते. आपण जेवतो कशासाठी? अणू बदलायला? नायट्रोजनचा एक अणू दुसऱ्याहून सरस थोडाच असतो! मग ऊर्जेसाठी? कुठल्याशा पुढारलेल्या देशात मेनूकार्डावर किमतीशेजारी पदार्थातली ऊर्जाही छापत, याची तो थट्टा करतो. प्रौढ शरीरातली ऊर्जा साधारण तेवढीच राहते, मग नुसत्या अदलाबदलीने काय साधणार? त्याचे म्हणणे असे, की जिवंत राहणे म्हणजे विस्कटणे लांबवणे. शरीरात सतत एन्ट्रॉपी, म्हणजे अव्यवस्था, साचत असते; ती बाहेर टाकायची आणि अन्नातली सुव्यवस्था, त्याच्या शब्दांत ‘ऋण एन्ट्रॉपी’, आत घ्यायची. वनस्पतींना हा पुरवठा सूर्यप्रकाशातून होतो. पोषण, श्वसन, उत्सर्जन ही यादीतली तीन सुटी कलमे इथे एकाच व्यवहाराच्या तीन बाजू ठरतात. सहकारी भौतिकशास्त्रज्ञांनी या शब्दावर आक्षेप घेतले, तेव्हा त्याने प्रकरणाला टीप जोडून मुक्त ऊर्जेचा, म्हणजे कामी लावता येणाऱ्या ऊर्जेचा, खुलासा केला. टीप बिनचूक आहे, पण वाचकाच्या डोक्यात राहते ते मेनूकार्डच.

पुंजभौतिकीची मधली प्रकरणे मात्र जड जातात. संहिता हाच आराखडा आणि तीच गवंडी, हे त्याचे विधानही टिकले नाही. डीएनए एकटा काही बांधत नाही; तो वाचायला रायबोसोमसारखी यंत्रणा आधीच हजर लागते. शेवटी जोडलेल्या उपसंहारात तो उपनिषदांतल्या आत्मा-ब्रह्म ऐक्यापर्यंत पोहोचतो. मराठी वाचकाला इथे आपले काही सापडल्याचा आनंद होईल, मलाही झाला. पण आधीच्या प्रकरणांत पायरी-पायरीने युक्तिवाद रचणारा लेखक इथे एकदम उडी घेतो, आणि ती उडी पुस्तकाच्या प्रश्नाला लागू पडत नाही.