गणितातली बस आणि रस्त्यावरची मोटार

गतीचे प्रकरण शिकवताना वाहनांची उदाहरणे हटकून येतात. एन.सी.ई.आर.टी.च्या २००६ साली निघालेल्या नववीच्या विज्ञान पुस्तकात असेच एक उदाहरण आहे. थांबलेली बस ०.१ मीटर प्रति वर्ग सेकंद या एकसमान त्वरणाने २ मिनिटे धावते. तिचा वेग आणि तिने कापलेले अंतर काढायचे. वेग येतो सेकंदाला १२ मीटर, म्हणजे ताशी सुमारे ४३ किलोमीटर, आणि अंतर ७२० मीटर. गणित बिनचूक आहे. आमची तक्रार गणिताविषयी नाही, बसविषयी आहे.

ताशी ४३ किलोमीटर वेग गाठायला दोन मिनिटे घेणारी बस आपल्यापैकी कोणी पाहिली आहे? अशा बसमध्ये ओळंबा टांगला तर तो अर्ध्या अंशाहून किंचित जास्त कलेल. डोळ्यांना ते कळणारही नाही. उलट, बस सुटताना दांडा घट्ट धरला नाही तर आपण मागच्यावर जाऊन आदळतो, हे रोज बसने शाळेत येणाऱ्या प्रत्येक मुलाला ठाऊक असते. पण उदाहरण सोडवताना तो अनुभव त्याच्या कामी येत नाही. सूत्रात आकडे घालायचे, उत्तर मागच्या पानाशी ताडून पाहायचे, की झाले. ‘हे उत्तर खरे वाटते का?’ हा प्रश्न कोणी विचारतच नाही. विज्ञानाच्या तासाला अनुभव दाराबाहेर ठेवून यायचा असतो, असे मूल शिकते. हे नुकसान आम्हांला मोठे वाटते.

दुसरा आक्षेप ‘एकसमान’ या शब्दाला आहे. मोटारीचे त्वरण एकसमान नसते, आणि त्याचे कारण नववीच्याच पुस्तकात पुढे येते. शक्ती म्हणजे बल गुणिले वेग. इंजिनाची शक्ती मर्यादित असल्यामुळे वेग वाढला की पुढे ढकलणारे बल कमी होते. समजा, १००० किलोग्रॅम वस्तुमानाच्या मोटारीच्या चाकांना ४० किलोवॉट शक्ती मिळते. सेकंदाला १० मीटर वेगाला तिचे त्वरण फार तर ४ मीटर प्रति वर्ग सेकंद असेल. २० मीटर वेगाला ते २ वर येईल. हवेचा विरोध धरला तर त्याहूनही कमी.

‘शून्य ते शंभर १४ सेकंदांत’ अशी जाहिरात घ्या. त्वरण एकसमान मानले तर अंतर येते सुमारे १९४ मीटर. शक्ती स्थिर मानली तर तेच अंतर २५९ मीटर होते, कारण मोटार सुरुवातीलाच बराच वेग घेते आणि उरलेला वेळ त्या वाढलेल्या वेगाने धावते. आरंभ तोच, शेवट तोच, वेळही तोच, आणि तरी ६५ मीटरचा फरक! वेग-काल आलेखाखालचे क्षेत्रफळ का मोजायचे, हे पटवायला याहून चांगले उदाहरण आम्हांला सुचत नाही.

हे मोजायचे कसे? अमेरिकेत त्यासाठी पाव मैलाची, म्हणजे ४०२ मीटरची, सरळ धावपट्टी असते; दोन्ही टोकांना प्रकाशकिरण असतात आणि मोटारीने ते तोडले की वेळेची नोंद होते. मध्य प्रदेशात पीथमपूरला २०२१ साली ११.३ किलोमीटरची चाचणी-धावपट्टी सुरू झाली. शाळेला यातले काहीच लागत नाही.

आता फोनमधली ॲप हे काम करतात आणि उत्तर दशांशाच्या दोन स्थळांपर्यंत देतात. इथेही सावध राहावे. फोनमधला त्वरणमापक हा शेवटी ओळंब्याचाच भाऊ. रस्त्याचा चढ आणि मोटारीचे त्वरण यांतला फरक त्याला एकट्याने ओळखता येत नाही. पन्नासास एक एवढा चढ असला तर तो सुमारे ०.२ मीटर प्रति वर्ग सेकंद जास्त दाखवतो. १० सेकंदांत ही चूक साचून ताशी ७ किलोमीटर होते. त्याच रस्त्यावर उलट दिशेने जाऊन दोन्ही वाचनांची सरासरी काढली की चढाची चूक जाते. पण वेग घेताना मोटारीचे नाक वर उचलले जाते ते दोन्ही दिशांना, म्हणून ती चूक उरते. दशांश स्थळे जास्त असली म्हणजे अचूकता जास्त, असे नव्हे.

आम्ही सुचवतो ती रीत साधी आहे. मोटार मोकळ्या, सपाट मैदानात मोठ्या माणसाने चालवावी आणि वेग ताशी ४० च्या पुढे नेऊ नये. मागे बसलेल्याने वेगदर्शक काट्याचे चित्रण करावे. घड्याळाची कळ दाबताना हाताकडून पावएक सेकंदाची चूक सहज होते; चित्रणात सेकंदाला ३० चित्रे असतील तर ती अडचण राहत नाही. वेगदर्शक बहुधा थोडा जास्त वेग दाखवतो, म्हणून तोही तपासावा: ताशी ६० च्या स्थिर वेगाला एका किलोमीटर-दगडापासून पुढच्यापर्यंत बरोबर ६० सेकंद लागले पाहिजेत. ६४ लागले तर खरा वेग ५६ च आहे.

मोटार नसेल तर कोनमापक, दोरा आणि नट घेऊन बसमध्ये बसावे. नट ६ अंश कलला तर त्वरण साधारण १ मीटर प्रति वर्ग सेकंद, म्हणजे पुस्तकातल्या बसच्या दहापट. नट झुलत राहील, वाचन अचूक येणार नाही. चालेल. ते आकडे फळ्यावर मांडावेत आणि मग मुलांनाच पुस्तकातले उदाहरण नव्याने लिहायला सांगावे. उत्तर कदाचित पूर्णांकात येणार नाही, पण बस त्यांच्या ओळखीची असेल.