कला, प्रचार आणि सरकारी तिजोरी

सरकारी पैसा कोणत्या कलेवर खर्च व्हावा, हा वाद आपल्याकडे सौंदर्यशास्त्राच्या भाषेत चालतो. अभिजात ते पात्र; लोककला ती जतन करण्याजोगी; आणि आंबेडकरी जलसा? तो म्हणे प्रचार. ही वर्गवारी मला मान्य नाही.

खाडिलकरांचे ‘कीचकवध’ १९०७ मध्ये रंगभूमीवर आले. कीचक म्हणजे कर्झन, हे प्रेक्षकांना कोणी सांगावे लागले नाही. ब्रिटिशांनाही लागले नाही; १९१० मध्ये त्यांनी बंदी घातली. आमचे समीक्षक या नाटकाला प्रचार म्हणत नाहीत, मराठी रंगभूमीचे वैभव म्हणतात. खुशाल म्हणावे. पण भीमराव कर्डकांनी तमाशाचीच चौकट घेऊन अस्पृश्यतेवर घाव घातला, तिथेच कलेचा निकष का आडवा येतो? द्रौपदीची विटंबना साऱ्या मानवजातीची आणि पाणवठ्यावरची विटंबना तेवढी एका जातीची, असे हे गणित आहे.

तमाशाचे निराळे. तो चालतो, पण धुऊन घेतलेला. खेर मंत्रिमंडळाच्या काळात त्यावर बंदी आली. उठली ती संहिता तपासून घेण्याच्या अटीवर. आज सरकार फडांना अनुदान देते, ते द्यायलाच हवे. मात्र ‘परंपरेचे जतन’ हे शब्द ऐकले की मी सावध होतो. महार-मांग-कोल्हाट्यांच्या बायकांनी नाचावे आणि गावच्या पुढाऱ्यांनी दौलतजादा उधळावा, हीही परंपराच होती. पठ्ठे बापूरावांनी देऊ केलेली तमाशाची कमाई बाबासाहेबांनी नाकारली, असे सांगतात. ते याच कारणाने.

विठाबाई नारायणगावकरांना राष्ट्रपतिपदक मिळाले. २००२ मध्ये त्या गेल्या, तेव्हा रुग्णालयाचे बिल देणगीदारांनी भागवले. २००६ मध्ये त्यांच्याच नावाने सरकारने पुरस्कार सुरू केला. कलेचा गौरव झाला. कलावंतिणीच्या म्हातारपणाची सोय मात्र झाली नाही.

म्हणून कलेची प्रतवारी लावणाऱ्यांच्या हाती ही तिजोरी सोपवणे मला धोक्याचे वाटते. जलशाच्या प्रेक्षकानेही काडेपेटीवरसुद्धा कर भरलेला आहे. अनुदानाच्या अर्जात मला वेगळेच रकाने हवेत. ढोलकीवाल्याच्या आणि नाचणारीच्या हातात यातले किती पडले? (फडमालकांना हे रुचणार नाही.) दसऱ्यानंतर बाहेर पडलेला फड उन्हाळ्यापर्यंत गावोगाव फिरतो, त्या काळात तिची मुले कोणत्या शाळेत बसतात?