१,२५७ मध्ये आशाताई कुठे आहेत?

'कोविड आणि आरोग्य कर्मचाऱ्यांचं मानसिक आरोग्य' यावर सिनॉप्सिस लिहिताय? मग लाय आणि सहकाऱ्यांचा मार्च २०२० मध्ये 'जामा नेटवर्क ओपन'मध्ये आलेला पेपर तुमच्या संदर्भयादीत बहुतेक असणारच. चीनमधल्या ३४ रुग्णालयांतले १,२५७ जण. ५०.४ टक्क्यांना नैराश्याची लक्षणं, ४४.६ टक्क्यांना चिंतेची, ७१.५ टक्क्यांना मानसिक त्रास. पेपर न उघडताही हे आकडे अनेकांना पाठ असतात. आज तो उघडूया.

आधी श्रेय देऊ. २९ जानेवारी ते ३ फेब्रुवारी २०२०, साथ ऐन भरात असताना सहा दिवसांत ही माहिती गोळा झाली. परिचारिका, स्त्रिया, वुहानमधले आणि थेट कोविड रुग्णांजवळ काम करणारे यांना त्रास जास्त, हे त्यातून लवकर कळलं. त्या वेळी एवढं कळणंही मोठं होतं.

आता तो ५०.४ बघा. पीएचक्यू-९ या प्रश्नावलीत मागच्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न असतात, प्रत्येकाला ० ते ३ गुण. पाच गुणांपासून 'सौम्य' लक्षणं सुरू होतात आणि ५०.४ मध्ये तीही धरली आहेत. समजा, पीपीई किट घालून सलग ड्युटी करणारी एक सिस्टर आहे. थकवा? जवळपास रोज, म्हणजे ३. झोप बिघडली? २. झाले पाच! हे नैराश्य की ड्युटीचा तक्ता, ते हा गुणांक एकटा सांगू शकत नाही. म्हणून 'निम्म्या कर्मचाऱ्यांना नैराश्य' असं वाक्य सिनॉप्सिसमध्ये लिहू नका. लक्षणं म्हणजे निदान नव्हे.

७१.५ चं तर आणखीच अवघड. त्यासाठी वापरलेली आयईएस-आर ही प्रश्नावली घडून गेलेल्या धक्कादायक घटनेचे पडसाद मोजायला बनवलेली आहे. इथे घटना संपलेलीच नव्हती. सकाळी परत त्याच वॉर्डात जायचं असताना वॉर्डाचे विचार मनात येणारच ना?

पण माझा खरा आक्षेप आपल्यावर आहे, तो पेपर साच्यासारखा वापरणाऱ्यांवर. सॅम्पलचा तक्ता बघा: ४९३ डॉक्टर, ७६४ परिचारिका. बेरीज करा, बरोबर १,२५७. वॉर्डबॉय नाही, सफाई कामगार नाही, ॲम्ब्युलन्सचा चालक नाही. वुहानच्या रुग्णालयांपुरतं एक वेळ चालेल. रत्नागिरीत तोच साचा इंग्रजी गुगल फॉर्म करून डॉक्टरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरवलात, तर साथ ज्यांच्या पायांवर चालली त्याच गळतील.

मे २०२० आठवा. मुंबईहून चाकरमानी गावी येत होते. कोण आलं, कोण घरात विलगीकरणात आहे, याची नोंद आशाताई वाडीवाडीत फिरून ठेवत होत्या. नोंद कोणाची? भावकीतल्या, शेजारच्या माणसांची. दवाखान्यातल्या डॉक्टरला ड्युटी संपल्यावर गाव सोडता येतं. हिला त्याच पाणवठ्यावर जायचं असतं. सप्टेंबर २०२० मध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' आलं आणि ऑक्सिमीटर घेऊन पुन्हा तीच घरं. कागदोपत्री ही स्वयंसेविका, पगार नाही, कामागणिक मोबदला. १५ जून २०२१ ला राज्यातल्या सुमारे ७० हजार आशा संपावर गेल्या. मागण्या मानधनाच्या होत्या, सुरक्षेच्या होत्या. माझ्या मते मानसिक त्रासाबद्दलचा तोही डेटाच आहे, फक्त तो गुणांकात येत नाही. मोबदल्याने आलेल्या ताणाला तुम्ही 'चिंतेची लक्षणं' म्हणालात, की शिफारस आपोआप समुपदेशनाची होते आणि मानधनाचा विषय बाजूला पडतो.

मग आशांपर्यंत जायचं कसं? प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या मासिक सभेत छापील मराठी फॉर्म वाटणं सगळ्यांत सोपं. पण समोर वैद्यकीय अधिकारी आणि गटप्रवर्तक बसलेल्या असताना कोण खरं लिहील? वेळ लागला तरी वाडीत जा, मुलाखत घ्या, आणि गुणांकाच्या आधी कामाचे तास आणि थकलेली रक्कम विचारा.

आणि पीएचक्यू-९ वापरणारच असाल, तर नववा प्रश्न आधी वाचा. तो जीव देण्याच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. रत्नागिरीत प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. तिथे आधी बोलून ठेवा, कोणाकडे पाठवायचं ते ठरवा आणि संमतीपत्रात लिहा. निनावी गुगल फॉर्मवर रात्री अकरा वाजता त्या प्रश्नाला '३' आलं, तर तुम्ही फोन कोणाला लावणार?