लंपनची मोजदाद

मे महिन्यात दौंडला शिक्षकांच्या एका शिबिरात बोलायला गेलो होतो. विषय होता 'निरीक्षण आणि नोंदी'. प्रश्नोत्तरांत एका बाईंनी विचारले, "सुट्टीत मुलांना वाचायला काय द्यावे?" त्यांना शास्त्रज्ञांच्या चरित्रांची यादी हवी असावी. माझ्या तोंडून निघून गेले, "प्रकाश नारायण संतांचे 'वनवास' द्या." बाईंनी नाव वहीत लिहून घेतले. मागच्या बाकावरून एक सर म्हणाले, "चांगले आहे हो, पण त्यात विज्ञान कुठे आहे?" वेळ संपली होती आणि खरे सांगायचे तर माझ्याजवळ नीट उत्तरही नव्हते. तेव्हा त्या सरांना हे उशिराचे उत्तर.

'वनवास' (१९९४), 'शारदा संगीत' (१९९७), 'पंखा' (२००१) आणि 'झुंबर' (२००४) ही मौज प्रकाशन गृहाची चार पुस्तके. कथा सुट्या आहेत. पण सांगणारा मुलगा एकच, लंपन. चारही ओळीने वाचली तर एक सलग कादंबरी वाचल्यासारखे वाटते. आईवडिलांपासून दूर, आजी-आजोबांच्या घरी राहणारा हा मुलगा. गाव बेळगावच्या वळणाचे, मराठी-कानडी एकत्र नांदणारे. कथेत साल सांगितलेले नाही. लेखकाचे स्वतःचे बालपण धरले तर काळ १९४० नंतरच्या काही वर्षांचा. म्हणजे आजच्या मुलांच्या दृष्टीने हे ऐतिहासिक लेखनच झाले.

लेखकाचे खरे नाव भालचंद्र गोपाळ दीक्षित. कवयित्री इंदिरा संत आणि ना. मा. संत यांचा हा मुलगा १९३७ साली जन्मला आणि पुढे आजोळी दत्तक गेला. मोठेपणी ते कराडच्या विज्ञान महाविद्यालयात भूशास्त्र शिकवीत. ही माहिती मला पुस्तके वाचून झाल्यावर कळली आणि थोडा आनंद झाला. पण ते भूशास्त्राचे म्हणून असे लिहू शकले, असे मी म्हणणार नाही. एका उदाहरणावरून कार्यकारणभाव काढू नये, हे आपणच मुलांना शिकवतो.

आता लंपनच्या मोजण्याकडे वळू. या मुलाला आकड्यांचा भारी सोस. एखादी गोष्ट पुष्कळदा घडली असे तो कधी म्हणत नाही. शेकड्या-हजारांत जाणारा, एकक-दशकासकट पुरा आकडा ठोकून देतो. वाचणाऱ्याला हसू येते, कारण एवढे कोणी मोजलेले नसणार हे उघड असते. विनोदाचे मर्म काय? आकडा नेमका आहे, पण बरोबर नाही. नेमकेपणा आणि अचूकपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नववीच्या प्रयोगवहीत मुले साध्या फूटपट्टीने मोजलेल्या लांबीची सरासरी दशांशचिन्हापुढे चार घरांपर्यंत लिहितात, तेव्हा ती लंपनचेच काम करत असतात. फक्त तेथे आपल्याला हसू येत नाही. मापनातील त्रुटींवर मी अनेक वर्षे व्याख्याने देतो आहे. लंपनचे एक पान वाचून दाखवले की वर्ग जितक्या लवकर समजतो, तितका माझ्या आकृत्यांनी समजत नाही.

पण लंपनला 'चुकीचा' म्हणून सोडून देता येत नाही. त्याच्या फुगवलेल्या आकड्यांत दुसरेच काहीतरी मोजलेले असते. किती कंटाळा आला, किती वेळ वाट पाहिली, आईची आठवण किती वेळा आली, हे त्या आकड्यांतून कळते. त्याला कोणते माप लावावे हे मला माहीत नाही, पण मोजमाप होते आहे यात शंका नाही.

माझे बालपण दौंडच्या रेल्वे वसाहतीजवळ गेले आणि उन्हाळा आजीकडे शिरूरला. आजीच्या भाषेत घोडनदीला. पुण्याहून मनमाडकडे जाणाऱ्या गाडीचे इंजिन तेव्हा दौंडला काढून दुसऱ्या टोकाला लावावे लागे. कॉर्ड लाइन झाल्यापासून बऱ्याच गाड्यांचा तो खोळंबा वाचला, पण आम्हां मुलांची तेवढीच करमणूक होती. तेवढ्या वेळात आम्ही डबे मोजत असू आणि प्रत्येकाचा आकडा वेगळा येई. शिरूरहून एकदा मामाने टाकळी हाजीजवळ कुकडीचे रांजणखळगे दाखवायला नेले. वाहत्या पाण्याबरोबर गरगरणाऱ्या गोट्यांनी काळ्या बेसाल्टमध्ये कोरलेले ते खड्डे. मी आणि मामेभाऊ मोजायला बसलो आणि भांडलो, कारण दोन खळगे मधली भिंत झिजून एक झाले असतील तर तो एक धरायचा की दोन? मोजण्यापूर्वी काय मोजायचे ते ठरवावे लागते, हे मला तेथे कळले असे आता सांगता येईल. तेव्हा फक्त भांडण कळले होते. संतांचे मोठेपण हे, की ते लंपनला भांडणापर्यंतच कळू देतात. मोठेपणीचे शहाणपण त्याच्या तोंडी घालत नाहीत.

आईवडिलांपासून आपण दूर का, हे कोडे त्याला सुटत नाही. मोठ्यांची अर्धवट बोलणी तो ऐकतो, जे दिसले ते सांगतो आणि त्यावरून आपले अनुमान बांधतो. अनुमान पुष्कळदा फसते. पण पाहिलेले त्याने इतके प्रामाणिकपणे सांगितलेले असते, की वाचक त्यावरून स्वतःचे, वेगळे अनुमान काढू शकतो. खडकाच्या नोंदीही अशाच ठेवायच्या असतात. आधी रंग, कण, थरांचा कल. तो थर तेथे कसा आला हे नंतर. पहिला माणूस चुकला तरी त्याच्या वहीवरून दुसऱ्याला काम करता आले पाहिजे. सर, तुमच्या प्रश्नाचे माझ्यापाशी असलेले उत्तर एवढेच. २०२४ मध्ये निपुण धर्माधिकारी यांनी या कथांवर 'लंपन' ही मालिका केली. मुले ती पाहतील आणि पाहावीही. पण कॅमेरा वस्तू जशी आहे तशी दाखवतो आणि लंपनचे फसलेले अनुमान पकडण्याची गंमत तेथे कमी होते.

लंपनची मराठी कानडीच्या शेजारी वाढलेली आहे. दौंडच्या रेल्वे वसाहतीत आम्ही बोलत होतो तीही अशीच सरमिसळ होती आणि शाळेत ती लाल शाईने दुरुस्त होई. शिबिरात मी पाहिलेल्या निरीक्षणवह्यांत सगळ्या मुलांची वाक्ये सारखीच होती, फळ्यावरून उतरवलेली. मुलाला त्याच्या बोलीत लिहू दिले नाही, तर त्याने काय पाहिले ते आपल्याला कळणारच नाही.

पुस्तकांत उणिवा नाहीत असे नाही. 'मॅड' हा लंपनचा लाडका शब्द आणि ते आकडे चौथ्या पुस्तकापर्यंत सवयीचे होऊन जातात. त्याची मैत्रीण सुमी फार गोड आहे, पण ती आपल्याला त्याच्याच डोळ्यांनी दिसते. तिचा उन्हाळा कसा गेला हे कळत नाही. घर पांढरपेशे, पुस्तकांचे. शिवाय ही मुलांसाठी लिहिलेली पुस्तके नव्हेत. पुढे काय झाले याची घाई असलेला सातवीचा मुलगा दहा पानांत पुस्तक मिटेल. नववी-दहावीला द्यावे, आणि लहानांना वर्गात मोठ्याने वाचून दाखवावे.

'झुंबर' देण्यापूर्वी मात्र शिक्षकाने स्वतः वाचावे. ना. मा. संत १९४६ साली गेले, तेव्हा मुलगा नऊ वर्षांचा होता, आणि शेवटी शेवटी लंपनचे जगही तेवढे हलके राहत नाही. आईबाप कामासाठी दूर आणि मूल आजीकडे, अशी मुले आपल्या वर्गांत असतात. शिबिराच्या दुसऱ्या दिवशी शाळेतली काही मुले आली होती. त्यांना मी 'वनवास'मधली चार पाने वाचून दाखवली. सगळी हसत होती. एक मुलगी तेवढी हसली नाही. तास संपल्यावर ती टेबलापाशी आली आणि विचारू लागली, "सर, मग त्याला आई न्यायला येते का?" मी म्हटले, "वाचून पाहा." माझी प्रत तिच्याकडे आहे.