मुलास काय सांगावे? : तीन चित्रपटांच्या निमित्ताने

बऱ्हाणपुरास मराठी चित्रपट क्वचितच लागतो. तापीच्या काठाने रावेरकडे उतरले की मराठी मुलूख सुरू होतो. परंतु आमच्या गावच्या चित्रगृहांचा ओढा हिंदीकडे, आणि येथील मराठी रसिकास चित्रपट भाड्याने घेऊन घरीच पाहावा लागतो. या प्रकारात एक सोय आहे. एखादा प्रसंग पुन्हा पाहता येतो, आणि शेजारी बसलेल्या माणसाशी मध्येच वादही घालता येतो. अलीकडे आम्ही असे तीन चित्रपट पाहिले : संदीप सावंत यांचा ‘श्वास’ (२००४), नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ (२०१३) आणि अविनाश अरुण यांचा ‘किल्ला’ (२०१४). तिन्हींच्या केंद्रस्थानी शाळकरी मुलगा आहे. त्यामुळे मनाशी तुलना झाली ती अर्थातच ‘श्यामची आई’शी.

आचार्य अत्रे यांच्या त्या चित्रपटास १९५४ साली पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक मिळाले. पुढे सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा तो मान मराठीच्या वाट्यास आला तो थेट ‘श्वास’मुळे, अर्धशतकानंतर. या दोहोंमध्ये मुलाकडे पाहण्याची दृष्टी किती पालटली आहे, हे लक्षात घेण्याजोगे आहे. श्याम हा घडविला जाणारा मुलगा. काय योग्य हे आईस ठाऊक आहे. ते त्याच्या अंगी मुरविणे एवढेच उरले आहे. साने गुरुजी अमळनेरास शिक्षक होते, आणि शिक्षकाची ती श्रद्धा त्या कथेच्या मुळाशी आहे. आम्हीही त्याच श्रद्धेवर वाढलो. या तीन चित्रपटांतील मुले मात्र घडविली जाण्याची वाट पाहत नाहीत. ती मोठ्यांकडे पाहतात, आणि त्यांचे मोल ठरवितात.

‘श्वास’मधील परशुरामाच्या डोळ्यांना कर्करोग आहे. जीव वाचवावयाचा तर दृष्टी जाणार. ‘शस्त्रक्रियेपूर्वी मुलास हे सांगितलेच पाहिजे,’ असा डॉक्टरांचा आग्रह आहे, आणि चित्रपटाचे सारे बळ या आग्रहात आहे. अरुण नलावडे यांचा आजोबा ते सांगावयास धजत नाही. त्याचा आवंढा आपल्याच घशात अडकतो. शस्त्रक्रिया लांबणीवर पडताच तो नातवास रुग्णालयातून गुपचूप बाहेर नेतो आणि डोळे आहेत तोवर जग दाखवितो. वार्ताहरांचे उपकथानक आम्हांस ठिगळासारखे वाटले; ते वगळले असते तर काही उणे झाले नसते. अश्विन चितळे या बालनटाने मात्र परशुरामास कोठेही केविलवाणा होऊ दिलेले नाही.

‘किल्ला’विषयी थोडक्यात. वडील वारलेले, आईची बदली कोकणात झालेली. चिन्मयास कोणी काही विचारलेले नाही. दिग्दर्शक स्वतःच छायालेखक असल्याने पाऊस व समुद्र इतके देखणे झाले आहेत की काही ठिकाणी मुलाचे दुःख त्या देखणेपणात भिजून जाते. परंतु मित्र त्यास किल्ल्यावर एकटा सोडून जातात, तो प्रसंग अस्सल आहे. बर्लिनच्या महोत्सवात लहान मुलांच्याच परीक्षकमंडळाने या चित्रपटास पारितोषिक दिले, ते उगाच नव्हे.

आता ‘फँड्री’. तिन्हींत हाच श्रेष्ठ, असे आमचे मत आहे. कैकाडी भाषेत फँड्री म्हणजे डुक्कर. जब्याच्या घरची वडील माणसे कैकाडी बोलतात. जब्या मात्र मराठीस धरून असतो, कारण घरच्या भाषेबरोबर घरची जातही उघडी पडते. आमच्याकडील मुलांच्या घरात मराठी असते आणि शाळेत हिंदी. चारचौघांत आईला हिंदीत उत्तर देणारी मुले आम्ही रोज पाहतो. तरी जब्याच्या भयाची त्यास सर नाही.

शाळा चालविणाऱ्यास हा चित्रपट सुखाने पाहू देत नाही. वर्गात चोखामेळ्याचा अभंग शिकविला जातो, आणि त्याच शाळेच्या आवारालगत त्या वर्गातील मुलास डुकरामागे धावावे लागते. सहाध्यायी हसत उभे असतात. पाठलाग रंगात आला असता शाळेतून राष्ट्रगीताचे सूर येतात. सारे कुटुंब जागच्या जागी ताठ उभे राहते, आणि डुक्कर निसटते. येथे हसावे की खाली पाहावे, हे दिग्दर्शकाने आपल्यावर सोपविले आहे. पुढे बांबूस टांगलेले डुक्कर नेताना मागे भिंतीवर बाबासाहेब आंबेडकर आणि सावित्रीबाई फुले यांची चित्रे दिसतात. एक शब्दही बोलला जात नाही. किशोर कदम यांचा बाप हा मुलावर खेकसणारा, गावापुढे वाकलेला असा आहे. त्याचा राग यावा आणि त्याच क्षणी कणव यावी, ही अवघड गोष्ट त्यांनी साधली आहे.

अखेरीस जब्याने भिरकावलेला दगड थेट पाहणाऱ्याकडे येतो. आमच्या एका सहकाऱ्यांना हा शेवट भडक वाटला. आम्हांस तसे वाटत नाही. परशुरामास सत्य सांगावे लागले. जब्यास कोणी काय सांगणार? त्यास सारे आधीच ठाऊक आहे, आणि आपणास ते ठाऊक आहे की नाही एवढेच तो विचारीत आहे.

शाळेत दाखवावयाचा तर ‘किल्ला’ आठवीच्या मुलांस खुशाल दाखवावा. ‘फँड्री’ आधी शिक्षकांनी, दार लावून, एकत्र बसून पाहावा. मुलांस केव्हा दाखवावयाचा ते मग ठरविता येईल.