कोणत्या हत्याराने जिंकला केंड्रिक?

रॅपमधल्या भांडणांचा इतिहास सांगताना एका रात्रीचा उल्लेख हटकून होतो. साल 1981, न्यूयॉर्कचा हार्लेम वर्ल्ड क्लब. बिझी बी हा तेव्हाचा पब्लिकचा लाडका एमसी, म्हणजे रॅपर. त्याचं काम गर्दी नाचवण्याचं. एक ओळ आपण फेकायची, दुसरी पब्लिककडून वदवून घ्यायची. त्याच्या पाठोपाठ कूल मो डी मंचावर आला आणि घट्ट यमकांत बांधलेल्या ओळींनी त्याने बिझी बीची अख्खी शैलीच सोलून काढली. रॅपरचं मोठेपण कशाने मोजायचं, हे त्या रात्री ठरलं असं जाणकार मानतात. नाचवणारा मागे पडला, रचणारा पुढे आला. 2024 च्या मे महिन्यात रॅपर केंड्रिक लमारने समकालीन रॅपर ड्रेकवर मात केली तेव्हा गोष्ट उलटली. या पिढीतला सर्वांत कसबी रचनाकार जिंकला खरा, पण बिझी बीच्या हत्याराने.

केंड्रिकचा जन्म 1987 चा, कॅलिफोर्नियातल्या कॉम्प्टनचा. आईवडील शिकागोहून तिथे आलेले. कॉम्प्टन म्हणजे एनडब्ल्यूए या रॅप गटाचं आणि त्यातल्या डॉ. ड्रेचं गाव, टोळ्यांसाठी बदनाम आणि संगीतासाठी नावाजलेलं. शाळकरी वयात के-डॉट या नावाने त्याने सुरुवात केली. टॉप डॉग एंटरटेनमेंट या छोट्या कंपनीने त्याला जवळ केलं. 2011 मध्ये ‘सेक्शन.80’ आला आणि 2012 मध्ये ‘गुड किड, मॅड सिटी’. या दुसऱ्या अल्बमने त्याचं नाव कायमचं झालं.

त्या अल्बममधलं ‘सिंग अबाउट मी, आयॅम डायिंग ऑफ थर्स्ट’ हे बारा मिनिटांचं गाणं इथे थोडं थांबून ऐकायला हवं. पहिलं कडवं केंड्रिकचं नाहीच. गोळीबारात मारल्या गेलेल्या मित्राचा भाऊ त्यात बोलतो आणि बोलता बोलता तोही गोळ्यांच्या आवाजात गप्प होतो. दुसऱ्या कडव्यात एक बाई येते. तिच्या मृत बहिणीवर केंड्रिकने आधीच्या अल्बममध्ये गाणं रचलं होतं, त्याचा जाब ती विचारते. आमच्या घरची गोष्ट चव्हाट्यावर मांडायचा अधिकार तुला कोणी दिला, असा तिचा रोख आहे. मी विरून जाणार नाही, असं ती ठासून सांगत असतानाच तिचा आवाज हळूहळू विरत जातो. स्वतःवरचा आरोप स्वतःच्याच गाण्यात, आरोप करणाऱ्याच्याच तोंडून आणि पूर्ण ताकदीनिशी मांडायचा, हे धाडस रॅपमध्येच काय, एकूण लोकप्रिय संगीतातही विरळाच.

समोरच्याला आपल्या गाण्यात जागा देण्याचं हे कसब पुढे वाढतच गेलं. 2015 च्या ‘टू पिंप अ बटरफ्लाय’मध्ये कमासी वॉशिंग्टन, थंडरकॅट, रॉबर्ट ग्लॅस्पर अशी जॅझची मंडळी साथीला होती. त्यातल्या ‘यू’ या गाण्यात केंड्रिक दारूच्या नशेत, रडक्या आवाजात स्वतःलाच फैलावर घेतो. त्याच अल्बममधलं ‘ऑलराइट’ पोलिसी अत्याचाराविरुद्धच्या मोर्च्यांत घोषणेसारखं म्हटलं गेलं. 2017 च्या ‘डॅम’ला पुढच्या वर्षी पुलित्झर मिळालं. शास्त्रीय आणि जॅझ सोडून दुसऱ्या कुठल्याही संगीताला ते तोवर मिळालं नव्हतं. 2022 च्या ‘मिस्टर मोराल अँड द बिग स्टेपर्स’मध्ये तर मी कुणाचा तारणहार नाही, असं सांगून त्याने डोक्यावरचा मुकुट उतरवून ठेवला होता.

दोनच वर्षांत तो मुकुटासाठी भांडायला उतरला. अर्थात ही खुमखुमी त्याच्यात आधीपासून होती. 2013 मध्ये बिग शॉनच्या ‘कंट्रोल’ या गाण्यात पाहुणा म्हणून आला असताना त्याने समकालीन अकरा रॅपरांची नावं घेऊन सगळ्यांना आव्हान दिलं. त्या नावांत खुद्द यजमान बिग शॉन होता आणि ड्रेकही. पण तिथे चिखलफेक नव्हती. तुम्ही मला आवडता, तरी तुमच्यापेक्षा सरस लिहीन, असा तो पैलवानी षड्डू होता. ड्रेकशी तेव्हा बऱ्यापैकी सलोखा होता. ‘टेक केअर’ या ड्रेकच्या 2011 च्या अल्बममध्ये केंड्रिकला स्वतंत्र तुकडा मिळाला होता, 2012 च्या ड्रेकच्या दौऱ्यात तो आधी गाणाऱ्यांत होता आणि ‘पोएटिक जस्टिस’मध्ये दोघं एकत्र आले होते. ‘कंट्रोल’नंतर टोमणे सुरू झाले आणि दहा वर्षं ते धुमसत राहिले.

ड्रेकला या कहाणीत नुसता खलनायक करून टाकणं सोपं आहे, पण ते खरं नव्हे. टोरांटोचा हा माजी टीव्ही कलाकार. गाणं आणि रॅप यांच्यातली भिंत त्याच्याइतकी सहज फार थोड्यांनी पाडली. भांडणातही तो लेचापेचा नव्हता. 2015 मध्ये रॅपर मीक मिलने त्याच्यावर दुसऱ्याकडून ओळी लिहवून घेतल्याचा आरोप केला, तेव्हा ‘बॅक टू बॅक’ने त्याने मीकला गारद केलं. ते डिस, म्हणजे समोरच्याला हिणवणारं, गाणं असूनही क्लबमध्ये वाजलं, ग्रॅमीच्या नामांकनापर्यंत पोहोचलं. भांडण नाचण्याजोग्या गाण्याने जिंकायचं, ही युक्ती ड्रेकची. ती त्याच्यावरच उलटली.

2023 च्या ऑक्टोबरमध्ये ‘फर्स्ट पर्सन शूटर’ या ड्रेकच्या गाण्यात रॅपर जे. कोलने ड्रेक, केंड्रिक आणि स्वतः अशा त्रिकुटाचं कौतुक गायलं. 22 मार्च 2024 रोजी ‘लाइक दॅट’मध्ये केंड्रिकने ते त्रिकूट झुगारलं. कोलने उत्तर दिलं, पण दोन दिवसांत स्वतःच्याच महोत्सवाच्या मंचावरून माफी मागितली आणि गाणं मागे घेतलं. त्याची तेव्हा यथेच्छ टर उडवली गेली. पुढे जे झालं ते पाहता त्या तिघांत शहाणा तोच ठरतो.

ड्रेकने एप्रिलमध्ये ‘पुश अप्स’ आणि पाठोपाठ ‘टेलर मेड फ्रीस्टाइल’ काढलं. या दुसऱ्या गाण्यात कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेला टुपाकचा आवाज होता. 1996 मध्ये मारला गेलेला रॅपर टुपाक, कॉम्प्टनच्या मुलांचं दैवत, केंड्रिकला डिवचायला यंत्रातून उभा केलेला! टुपाकच्या वारसदारांनी वकिलामार्फत इशारा दिल्यावर गाणं काढून टाकावं लागलं. गंमत अशी, की मेलेल्या टुपाकला बोलतं करण्याचा प्रयोग केंड्रिकने नऊ वर्षांपूर्वीच केला होता. ‘टू पिंप अ बटरफ्लाय’च्या शेवटी टुपाकच्या 1994 च्या एका मुलाखतीचे तुकडे जोडून त्याने काल्पनिक संवाद रचला होता. शब्द टुपाकचेच, प्रश्न तेवढे केंड्रिकचे. तो संवाद शेवटाला येतो तेव्हा केंड्रिक एक प्रश्न विचारतो आणि पलीकडून उत्तर येत नाही. मृताच्या आवाजाशी खेळ दोघांनीही केला, पण एकाने त्याचं मौन शिल्लक ठेवलं.

30 एप्रिलला आलेलं ‘युफोरिया’ ही माझ्या मते या सगळ्या भांडणातली सर्वांत घडीव रचना. सहा मिनिटांहून मोठं गाणं. सुरुवातीला जवळजवळ गप्पांचा सूर, बीट संथ. मग बीट पालटतं, आवाज चढतो, किरटा होतो, कुठे नक्कल येते, कुठे चक्क हसू. ड्रेकची चाल, त्याचं उच्चारण, त्याचे कपडे अशी एकेक नावड तो मोजून दाखवतो. उणीदुणी काढण्यालाही घाट असू शकतो, हे इथे ऐकावं.

पुढच्या चार-पाच दिवसांत घाट संपला. 3 मेच्या रात्री ड्रेकने ‘फॅमिली मॅटर्स’ टाकलं आणि तासाभराच्या आत केंड्रिकचं ‘मीट द ग्रॅहम्स’ आलं. आपल्याकडे कलगी-तुऱ्याच्या सामन्यात समोरच्याचा सवाल ऐकून जवाब द्यावा लागे. इथे जवाब सवालाआधीच स्टुडिओत तयार होता, फक्त वेळ साधायची होती. ‘मीट द ग्रॅहम्स’ची रचना पत्रांची आहे. ड्रेकच्या मुलाला, आईला, वडिलांना उद्देशून केंड्रिक बोलतो. एका कथित मुलीलाही, जी अस्तित्वातच नसल्याचं ड्रेकने सांगितलं. दुसऱ्याच्या घरात शिरून बोलण्याचं हे तेच कसब, जे ‘सिंग अबाउट मी’मध्ये होतं. फरक असा, की तिथे घरचा माणूस केंड्रिकला जाब विचारत होता. इथे कुणालाही उलटून बोलायची सोय नाही. आई, मुलगा, बाप हे फक्त मारा करायला उभे केलेले पुतळे. ड्रेकही मागे नव्हता. त्याने केंड्रिकवर जोडीदाराला मारहाण केल्याचा आरोप ठेवला. दोन्हीकडचे आरोप गंभीर, दोन्हीकडचे पुराव्याविना. कोण चांगलं लिहितो, हा प्रश्न तिथे संपला आणि कोण वाईट माणूस, एवढाच उरला.

दुसऱ्याच दिवशी ‘नॉट लाइक अस’ आलं. मस्टर्ड या निर्मात्याचं बीट पश्चिम किनाऱ्याच्या पार्टीचं, उसळतं. एका कॉर्डच्या इंग्रजी नावावर केलेली कोटी आणि ती ओढून धरलेली, म्हणजे हजारोंनी एका श्वासात ओरडायची सोय. शेवटच्या कडव्यात केंड्रिक अटलांटाच्या गुलामगिरीचा इतिहास आणतो आणि ड्रेकला तिथल्या रॅपरांच्या जिवावर मोठा झालेला वसाहतवादी ठरवतो. हा आरोप खरा वादाचा, सांस्कृतिक, चर्चेला पात्र. पण नाचणाऱ्या गर्दीला त्याच्याशी देणंघेणं नव्हतं. गर्दीने उचललं ते गाण्यात ड्रेकला लावलेलं लैंगिक गुन्ह्याचं लांछन आणि ठेका. ड्रेकने आरोप ठाम नाकारले, पण नाचत्या लोकांना खुलासा ऐकवायचा तरी कसा? गाणं बिलबोर्डच्या यादीत थेट पहिल्या क्रमांकावर आलं. 19 जूनला इंगलवूडच्या मैफलीत केंड्रिकने ते लागोपाठ पाच वेळा सादर केलं. त्याच मंचावर लॉस एंजेलिसच्या वैरी टोळ्यांची माणसं एका फोटोसाठी खांद्याला खांदा लावून उभी राहिली. एका माणसाच्या द्वेषावर एक अख्खं शहर एकत्र आलं. तो आनंद खोटा नव्हता, आणि मला अस्वस्थ करतो तो नेमका तिथेच.

फेब्रुवारी 2025 मध्ये या गाण्याला पाच ग्रॅमी मिळाली. आठवड्याभरात न्यू ऑर्लिन्सच्या सुपर बोलमध्ये सरासरी 13 कोटी 35 लाख प्रेक्षकांपुढे ते वाजलं. ड्रेकने केंड्रिकवर नव्हे, तर युनिव्हर्सल म्युझिकवर बदनामीचा दावा लावला. हीच कंपनी दोघांचंही संगीत विकते, म्हणजे कुणीही जिंको, गल्ला एकच. ऑक्टोबर 2025 मध्ये न्यायाधीशांनी दावा फेटाळला. रॅपच्या तापल्या भांडणातले शब्द सुज्ञ श्रोता वस्तुस्थिती म्हणून घेणार नाही, ते मत आहे, असा निकालाचा आशय. कलावंताच्या अभिव्यक्तीसाठी निकाल योग्यच. पण एप्रिल-मेमध्ये लाखो लोक या गाण्यांना पुरावा समजूनच ऐकत होते, ओळीओळीतून तपास करत होते. कायद्याचा सुज्ञ श्रोता आणि मोबाइलवरचा खरा श्रोता यांच्यात फार अंतर आहे.

आपल्याकडच्या रॅपरांनीही ही रीत उचलली आहे. 2018 मधली एमीवे आणि रफ्तारची जुंपलेली पुष्कळांना आठवत असेल. तिथेही धोका हाच, की आरोपाला भाव जास्त आणि ओळीला कमी.

नोव्हेंबर 2024 मध्ये काही न कळवता आलेला ‘जीएनएक्स’ हा विजयानंतरचा अल्बम. चटपटीत, पश्चिम किनाऱ्याच्या ठेक्यांवर चालणारा आणि आपल्याला पुरेसा मान दिला नाही अशी तक्रार करणारा. वाईट नाही. पण त्यात केंड्रिकला जाब विचारणारं असं फारसं कुणी नाही, आणि त्याचा मोठेपणा आजवर त्या जाब विचारणाऱ्यांनीच घडवला होता. ‘नॉट लाइक अस’ हे त्याचं सर्वांत यशस्वी गाणं आहे, सर्वांत चांगल्या दहा गाण्यांत मी ते धरणार नाही. ज्यांनी केंड्रिक फक्त या भांडणातून आणि रील्समधून ऐकला, त्यांनी एकदा ‘सिंग अबाउट मी’ची बारा मिनिटं काढावीत, हेडफोन लावून, मध्ये न थांबवता.